तीनदा वाचणाऱ्या सिस्टर

आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये एक सूचना लावलेली आहे : ‘चारपेक्षा जास्त माणसांनी चढू नये.’ ती वाचणारी एकच व्यक्ती मी आजवर पाहिली. चौथ्या मजल्यावरच्या तांडेल सिस्टर. आत शिरताना वाचायच्या, दार लागल्यावर वाचायच्या आणि तळमजल्याला उतरताना मान वळवून आणखी एकदा वाचायच्या. मी एकदा न राहवून म्हटलं, “सिस्टर, अजून पाठ झालं नाही?”

“पाठ झालं की माणूस वाचायचा थांबतो रे,” त्या म्हणाल्या. “तिथूनच घोटाळे सुरू होतात.”

सरकारी इस्पितळात आयुष्य काढलेल्या सिस्टर त्या. औषधाची बाटली कपाटातून काढताना लेबल वाचायचं, औषध ओतताना वाचायचं आणि बाटली परत ठेवताना वाचायचं, ही त्यांची नोकरीतली शिस्त. निवृत्त झाल्यावर बाटल्या सुटल्या, वाचणं सुटलं नाही. दुधाची पिशवी, विजेचं बिल, सोसायटीचं परिपत्रक, सगळं तीनदा. आमच्या मुलीच्या बारशाचं आमंत्रण त्यांनी दारातच तीनदा वाचलं आणि वेळ चुकलीय हे दाखवून दिलं. पत्रिका मी छापून घेतली होती, हे सांगायला नकोच.

मी बोरिवलीचा, एका विमा कंपनीच्या संगणक विभागात आहे. ‘आयटीत आहेत’ असं माधवी, म्हणजे माझी बायको, नातेवाइकांना सांगते तेव्हा मी पंख्याकडे बघतो. खरं काम म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्राम बंद पडले की ते ज्यांनी लिहिले त्यांना फोन करायचा.

सिस्टर आमच्या घरात आल्या त्या अण्णांच्या आजारपणात. अण्णांना, माझ्या वडिलांना, अर्धांगवायू झाला आणि इस्पितळाने त्यांना नाकात नळी घालून घरी पाठवलं. त्या नळीतून दूध, पेज, औषधं. पहिल्या दिवशी मी पलंगाच्या पायथ्याशी नुसता उभा होतो. सिस्टर दारातून आल्या, चप्पल काढली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तू तिथे उभा राहून काय करतोयस? फोटो काढतोयस? खांद्याला धर!”

मी धरलं. मग त्यांनी मला एकेक गोष्ट शिकवली. डोकं उंच हवं. दूध सावकाश सोडायचं, घाई असेल तर तू ऑफिसला जा, मी देते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, नळीवरची खूण. “ही पेनाची रेघ बघितलीस? ही नाकाशीच हवी. सरकली असेल तर सिरिंजला हात लावायचा नाही. नळी पोटात असते तोवर अन्न. छातीत गेली की तेच दूध माणसाला बुडवतं.” त्या गोराईच्या कोळ्यांतल्या, वडील होडीवर, आई टोपली घेऊन बाजारात. ‘बुडवतं’ हा शब्द त्या असा म्हणायच्या, की ऐकणाऱ्याने त्या रेघेकडे पुन्हा बघावंच. सात महिने, अण्णा गेले त्या दिवसापर्यंत, मी ती रेघ रोज बघितली. तीनदा.

अण्णा गेल्यावर मला वाटलं सुटलो. पण सिस्टरांनी मला पकडून ठेवलं. घरी आजारी माणूस सांभाळणाऱ्यांसाठी त्यांनी, काही निवृत्त सिस्टरांनी आणि मुलुंडच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी मिळून इंटरनेटवर प्रश्नोत्तरांचा एक मंच चालवला होता, ‘घरची शुश्रूषा’. पाठीला जखम झाली, काय लावू? आई रात्रभर ओरडते, काय करू? असे प्रश्न गावोगावहून यायचे. प्रत्येक प्रश्नाला टॅग लागायचे : ‘जखम’, ‘झोप’, ‘नळी’. उत्तरं देणाऱ्यांनी ज्या विषयात नाव नोंदवलं असेल त्या टॅगचे प्रश्न त्यांना दर तासाच्या ठोक्याला मेलने जायचे. आणि ‘तातडी’ नावाचा एक टॅग होता. तो लागला, की उत्तर मिळेपर्यंत दर अर्ध्या तासाने, घड्याळाच्या ठोक्याला, ड्युटीवरच्या तीन सिस्टरांच्या फोनवर संदेश.

हे टॅग सांभाळायचं काम तांडेल सिस्टरांचं. त्या त्याला लेबल म्हणायच्या. रोज सकाळी चहा घेऊन बसायच्या, प्रत्येक नवा प्रश्न पूर्ण वाचायच्या, लोकांनी चुकीची लावलेली लेबलं काढून बरोबर लावायच्या आणि मग एका लांबट वहीत निळ्या शाईने लिहायच्या : प्रश्नाचा नंबर आणि त्याची लेबलं. मी विचारलं, “साईटवर असतंच की. वही कशाला?”

“वॉर्डात पेशंट असतोच की. केसपेपर कशाला?”

अशा अकरा वह्या झाल्या होत्या.

अडचण ‘नळी’ची होती. नाकातली नळी, लघवीची नळी, गळ्यातली नळी, सगळे प्रश्न ‘नळी’ या एकाच टॅगखाली. लघवीच्या नळीचं कळणाऱ्यांना नाकाच्या नळीचे मेल जायचे, ते कंटाळून बघेनासे झाले. एकाचे तीन टॅग करायचे ठरलं. बाराशे प्रश्न. सिस्टरांनी हाताने सुरुवात केली, पण त्यांच्या डोळ्यांनी तोवर त्रास द्यायला सुरुवात केली होती. दिवसाला दहा प्रश्न झाले की त्या डोळे मिटून बसायच्या.

इथे मी पुढे सरसावलो. मला तेव्हा प्रोग्राम लिहायचं पायथॉन येत होतं. म्हणजे मुलीने सुट्टीत शिकवलेलं, पन्नाशीत आलेलं, गोवरासारखं उशिरा येऊन जोरात आलेलं. मी गॅस सिलेंडर नोंदवायलाही प्रोग्राम लिहिला होता आणि त्या महिन्यात आमच्याकडे दोन सिलेंडर आले होते.

सिस्टरांना मी ऐटीत समजावलं. “साईटला माणसांसाठी पुढचं दार असतं, तशी प्रोग्रामसाठी मागे एक खिडकी असते. तिला एपीआय म्हणतात. आपल्याला एक गुप्त किल्ली देतात. खिडकीशी जाऊन म्हणायचं, ‘नळी’ टॅगचे शंभर प्रश्न द्या. मिळतात. मग प्रोग्राम प्रश्नातले शब्द बघतो. नाक, दूध असं काही दिसलं तर एक टॅग, लघवी, पिशवी दिसलं तर दुसरा. आणि खिडकीला सांगतो, या नंबरच्या प्रश्नाचा टॅग आता हा. मिनिटाला तीसच कामं घेतात. बाराशे म्हणजे चाळीस मिनिटं!”

“आणि वाचणार कोण?”

“प्रोग्राम वाचतो ना.”

“तो शब्द बघतो म्हणालास. तपासून बघितलंस?”

“दहा प्रश्नांवर. एकदम झकास.”

“कुठले दहा?”

“सगळ्यांत जुने.”

“साधे घेतलेस,” त्या म्हणाल्या.

मला ते कौतुक वाटलं.

रविवारी पावणेचारला आमच्या जेवणाच्या टेबलावर मी बटण दाबलं. सिस्टर शेवटची वही घेऊन समोर बसल्या होत्या, माधवी चहा टाकत होती. स्क्रीनवर ओळी पळू लागल्या : झाला. झाला. झाला. कुठला झाला, हा नंबर छापायची बुद्धी मला झाली नव्हती. सगळ्यांत नव्या प्रश्नापासून सुरुवात करून प्रोग्राम जुन्यांकडे निघाला. मी खुर्चीत मागे रेललो. हातावर हात ठेवून स्वतःचं काम होताना बघण्याचं सुख काही औरच असतं.

सिस्टर मोठी अक्षरं लावून आपल्या फोनवर साईट बघत होत्या. चार वाजून वीस मिनिटं झाली असतील.

“शिरीष, ही कराडची बाई. हिच्यावर ‘नळी’बरोबर मी ‘जखम’ पण लावलं होतं. वहीत आहे, इथे दिसत नाही.”

“असेल खाली कुठेतरी.”

त्यांनी दुसरा प्रश्न उघडला. मग तिसरा. वहीचं पान उलटलं, बोट ठेवलं, फोन बघितला, परत वही.

“थांबव.”

“शेवटचे पन्नासेक राहिलेत, सिस्टर.”

“थांबव म्हणते ना!”

माधवी हातात गाळणं घेऊन बाहेर आली. मी प्रोग्राम तोडला. आणि त्या खिडकीची माहितीपुस्तिका पहिल्यांदाच नीट वाचली. तिथे स्वच्छ लिहिलं होतं, तुम्ही पाठवाल ती यादी म्हणजे त्या प्रश्नाचे सगळे टॅग. मी एकेकच टॅग पाठवत होतो. तो लागत होता आणि आधीचे सगळे पुसले जात होते. माझ्या दहा जुन्या प्रश्नांना मुळात एकेकच टॅग होता, म्हणून तिथे काही बिघडलेलं दिसलं नाही.

“म्हणजे तातडी?” सिस्टरांनी विचारलं.

मी ‘तातडी’ टॅग उघडला. सकाळी तिथे नळीचे तीन प्रश्न होते. आता एकही नव्हता.

“सकाळच्या तिघांना उत्तरं मिळाली, ती माझ्याकडे लिहिलीत,” सिस्टर वहीवर बोट ठेवून म्हणाल्या. “पण दुपारपासून कोण आलं? नवीन प्रश्नांना लोक स्वतःच तातडी लावतात. ते तू पुसलंस. चारला संदेश गेला नसणार. साडेचारलाही जाणार नाही.”

मी पहिलं पान उघडलं. टॅग बदलला, की प्रश्न पुन्हा वर येतो. पानापानांवर माझेच साडेअकराशे जुने प्रश्न, त्यांच्याखाली आजचे गाडले गेलेले. मी घाईघाईने खिडकीला विचारायला चार ओळी लिहिल्या, आजचे प्रश्न द्या. घाईत मध्ये थांबायचं सांगायला विसरलो. प्रोग्रामने एका श्वासात शंभर वेळा विचारलं आणि खिडकी बंद झाली. उत्तर आलं : वीस मिनिटांनी प्रयत्न करा.

“काय म्हणते तुझी खिडकी?”

“वीस मिनिटं थांबा म्हणते.”

माधवीने गाळणं टेबलावर ठेवलं.

सिस्टरांनी वहीची शेवटची ओळ माझ्यापुढे सरकवली. “हा सकाळचा शेवटचा नंबर. मी पुढच्या दाराने जाते. ह्याच्या पुढचा नंबर कसा उघडायचा ते सांग.”

प्रत्येक प्रश्नाच्या पत्त्यात त्याचा नंबर असतो. मला हे माहीत होतं, सुचलं त्यांना. मी नंबर घालत गेलो, त्या वाचत गेल्या. पुढचा : पाण्याची गादी कुठली घ्यावी. त्याच्या पुढचा : वडील गोळी थुंकतात. त्यांनी तोही पूर्ण वाचला. मी पुढे पळायला बघत होतो, तर माझ्या मनगटावर चापट बसली. “वाचू दे.” तिसरा काढून टाकलेला. चौथा झोपेचा. घड्याळात पावणेपाच झाले.

पाचवा प्रश्न दुपारी तीन चाळीसचा होता, माझ्या बटणाच्या पाच मिनिटं आधीचा. दहिसरची बाई होती. ‘आईच्या नाकातली नळी दुपारी बरीच बाहेर आली. कामाच्या मावशींनी आत ढकलून पट्टी लावली. तेव्हापासून आई खोकतेय. पाच वाजता दूध द्यायचं आहे. देऊ ना?’

त्यावर माझा टॅग होता, ‘नाकातली नळी’. अगदी बरोबर. प्रोग्राम बिनचूक चालला होता. फक्त त्या नव्या टॅगला अजून कोणीच नाव नोंदवलं नव्हतं. सबंध महाराष्ट्रात तो प्रश्न एकाही माणसाकडे गेला नव्हता.

सिस्टरांनी उत्तर टाकलं : ‘काहीही देऊ नका.’ आम्ही तिघं फोनकडे बघत बसलो. तिने ते वाचल्याची काही खूण नाही. मेल जाणार, ती कधी बघणार?

“डॉक्टरांकडे नोंदणीचे फोन नंबर असतात,” सिस्टर म्हणाल्या आणि मुलुंडला फोन लावला. डॉक्टर चष्मा शोधत होते. मग संगणक चालू करत होते. सिस्टर त्यांना “सावकाश, नीट बघून सांगा” म्हणत होत्या आणि दुसऱ्या हाताने माझ्या टेबलक्लॉथची कड चुरगाळत होत्या. नंबर आला तेव्हा पाचला आठ कमी. त्यांनी तो मला वाचायला लावला, मी फोनवर जुळवला, त्यांनी पुन्हा वाचून घेतला. पूर्ण घंटी वाजून फोन बंद झाला. परत लावला. तीन मिनिटं गेली होती.

“हॅलो?”

“मी शुश्रूषा मंचावरून तांडेल सिस्टर. तुम्ही दुपारी आईच्या नळीचं विचारलं होतं.”

“हो, पण कुणी काही बोललंच नाही ओ. मी म्हटलं काही काळजीचं नसेल. आता देतच होते.”

“हातात काय आहे?”

“दुधाची सिरिंज.”

“नळीला लावलीय?”

“लावलीय. सोडलं नाही अजून.”

“बाय, काढ ती. आधी काढ, मग बोल.”

पलीकडे भांड्याचा आवाज झाला. “काढली.”

“नळीवर पेनाची रेघ असेल. कुठे आहे?”

“रेघ... बाहेर आहे. नाकापासून चार बोटं बाहेर.”

सिस्टरांनी डोळे मिटले. आवाज मात्र तसाच ठेवला. “ठीक. घाबरायचं नाही. आईला बसती कर, पाठीला उशा. तोंडानेही काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. नळीला तू हात लावू नकोस. शेजारच्यांना बोलाव आणि इस्पितळात ने. सांग त्यांना, नळी सरकलीय, तपासल्याशिवाय वापरू नका. आता मला हे सगळं परत सांग.”

त्या बाईने सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, “अजून एकदा.” तिने अजून एकदा सांगितलं.

सात वाजता तिचा संदेश आला. नळीचं टोक घशातच गुंडाळून बसलं होतं. नवी घातली. आई झोपलीय.

मी बोलणी खायला तयार बसलो होतो. खरं तर मला ती हवी होती, दोन शब्द ऐकले असते तर मोकळा झालो असतो. सिस्टरांनी गार झालेला चहा पिऊन टाकला, वही मिटली आणि विचारलं, “किती झाले म्हणालास?”

“साडेअकराशे.”

“जुनी लेबलं साईटकडे असतील?”

“ती ठेवत नाही. आणि मी नक्कल काढली नव्हती.”

“उद्या सकाळी साडेसहाला ये. वह्या काढून ठेवते.”

पुढचे अडीच महिने मी ऑफिसच्या आधी तासभर चौथ्या मजल्यावर जात होतो. माधवी म्हणायची, “लग्नानंतर पहिल्यांदाच गजर न लावता उठताय.” सिस्टर वहीतून नंबर आणि लेबलं वाचायच्या. प्रोग्राम मी पार बदलला होता. आता तो आधी त्या प्रश्नाचे असलेले टॅग मागून घ्यायचा, त्यात वहीतले घालायचा, सगळी यादी दाखवून थांबायचा, आणि मी ‘हो’ टाइप केल्याशिवाय लिहायचा नाही. लिहून झालं की साईटवर काय लागलं ते परत मागवून छापायचा. म्हणजे तीनदा. हे तीनदा त्यांनी मला सांगितलं नव्हतं. एका सकाळी माझ्या लक्षात आलं, की मी तेच लिहून बसलोय.

एकदा मध्येच मी म्हटलं, “सिस्टर, तुम्ही मला त्या दिवशी काहीच बोलला नाहीत.”

त्या वहीच्या ओळीवर बोट ठेवून होत्या. “नोकरीच्या पहिल्या वर्षी एका पेशंटच्या औषधाचं लेबल मी एकदाच वाचलं होतं,” त्या म्हणाल्या. “मेट्रन काही बोलल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी ड्युटीवर घेतलं.” मग बोट खालच्या ओळीवर नेलं. “पुढचा नंबर घे.”

त्या पेशंटचं काय झालं, हे मी विचारलं नाही.

शेवटची वही संपेपर्यंत त्यांच्या डोळ्यांचं फारच झालं. मधला भाग दिसेनासा झाला, कडेचं तेवढं दिसायचं. स्वतःचंच अक्षर वाचताना मान तिरकी करायच्या, पाखरासारखी. मग काही दिवस मी वाचायचो आणि त्या नुसत्या ऐकायच्या. मी एखादं लेबल गाळलं तर बोट उचलायच्या. शेवटचा प्रश्न झाला त्या दिवशी त्यांनी अकराही वह्या माझ्या हातात दिल्या. “घरी ने. बारावी तू सुरू कर.” गोराईला भावाकडे राहायला जायचं त्यांनी ठरवलं होतं.

त्यांना पोचवायला मी बोरिवलीच्या जेट्टीपर्यंत गेलो. सामान भाचीने आधीच नेलं होतं, बरोबर एक पिशवी तेवढी. बोट यायला वेळ होता. भरती होती, खाडीचं पाणी पायऱ्यांना लागलं होतं. डोळ्यांत दुपारचे थेंब घालायची वेळ झाली होती. त्यांनी पिशवीतून बाटली काढून माझ्या हातात दिली. सारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्या होत्या, एक दुपारची, एक झोपतानाची, फरक फक्त झाकणाच्या रंगाचा.

“वाच.”

मी औषधाचं नाव वाचलं, तारीख वाचली.

त्यांनी मान मागे केली. मी झाकण काढलं. त्या थांबल्याच. मी पुन्हा वाचलं, मग थेंब सोडले. तेवढ्यात बोट लागली, गर्दी पुढे सरकली, कोणीतरी “चला मावशी, हात द्या” म्हणत त्यांना चढवलं. मी झाकण लावून, न वाचताच, बाटली त्यांच्या पिशवीत टाकली आणि मागे आलो. बोटीने दोर सोडला.

सिस्टर कठड्याशी उभ्या होत्या, मान तिरकी करून मी कुठे आहे ते शोधत. मग त्यांनी पिशवीत हात घातला, एक बाटली वर काढली आणि माझ्या दिशेने उंच धरली. एवढ्या लांबून लेबल दिसणं शक्यच नव्हतं. पण झाकण दुपारच्या बाटलीचं होतं, निळं. जेट्टीवरची माणसं वळून बघत असताना मी त्या औषधाचं नाव मोठ्याने ओरडलो, तारखेसकट. त्यांना ऐकू आलं असावं. त्यांनी बाटली खाली घेतली आणि परत पिशवीत ठेवली.